माळढोकाची चूक मालवणच्या समुद्रात नको

मिरजगावात समुद्राचा विषय काढला तर ऐकणारा प्रथम हसतो. कर्जत तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. भर पावसाळ्यात टँकरची वाट पाहण्याची वर्षे इथल्या लोकांनी काढली आहेत. आमच्या सीना नदीचे पाणीसुद्धा अरबी समुद्राला मिळत नाही. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. तरीही अरबी समुद्राशी आमचे दुहेरी येणे-जाणे आहे. ढग तिकडून इकडे येतात आणि दिवाळीच्या सुटीत आम्ही बसगाड्या भरून तिकडे जातो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या दुसऱ्या दळणवळणाला भलताच जोर आला आहे. पूर्वी कोकणची सहल म्हणजे गणपतीपुळे, पावस आणि फार तर सिंधुदुर्ग किल्ला. आता मालवणला जाऊन ‘स्कूबा’ केले नाही, तर सहल झाली असे तरुण मंडळी मानतच नाहीत. परत आल्यावर मोबाइलवर दाखवले जाणारे छायाचित्रही ठरलेले असते. डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा, तोंडात नळी, बोटांनी केलेली ‘सर्व ठीक’ची खूण आणि भोवती पिवळसर अंगावर काळे पट्टे मिरवणारे मासे.

ते छायाचित्र पाहणाऱ्याचे लक्ष माशांकडे जाते. त्या माणसाच्या पायाखाली काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. पायाखाली जो खडबडीत, तपकिरी-हिरवट खडक दिसतो, त्यातील काही भाग खडक नसतोच. तो जिवंत प्राणी असतो आणि पुष्कळदा त्याच्यावरच पाय टेकवून छायाचित्र काढलेले असते.

प्रवाळ हा शब्द आपल्या घरांना अपरिचित नाही. मंगळासाठी पोवळ्याची अंगठी घालणारे आणि वैद्यांकडून प्रवाळपिष्टीची पुडी आणणारे आपल्या परिचयात असतात. मात्र दागिन्यातले लाल पोवळे परंपरेने भूमध्य समुद्रातून येत आले आहे. मालवणच्या प्रवाळाशी त्याचे नाते दूरचे. मालवणचा प्रवाळ म्हणजे लहान लहान, मऊ शरीराच्या जीवांची वसाहत. प्रत्येक जीव समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती कवच रचतो आणि पिढ्यान्पिढ्या रचलेल्या अशा कवचांचा दगड बनतो. या जीवांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. मोबदल्यात त्याला निवारा आणि खत मिळते. प्रवाळाचा रंगही बव्हंशी या भाडेकरूचाच. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र एखाद-दुसऱ्या अंशाने अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला की हे सहजीवन मोडते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढराफटक होतो. याला शास्त्रज्ञ विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवले तर सावरतो, न निवले तर मरतो.

मालवणला आढळणाऱ्या पोराइटीस कुळातील प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटरच्या आसपास होते. फुटबॉलएवढा एक गोळा तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. तो मोडायला पायातल्या रबरी पंखाचा एक फटका किंवा होडीच्या नांगराचा एक हिसका पुरतो.

याच खडकांवर शैवालांची एक निराळी, डोळ्यांना दिसणारी सृष्टी आहे. पावसाळा ओसरून पाणी निवळले की तपकिरी सारगॅसम दाट वाढते. हवेने भरलेल्या इवल्या फुग्यांमुळे ते पाण्यात ताठ उभे राहते आणि लाटेबरोबर शेतातल्या पिकासारखे डोलते. पंख्याच्या आकाराचे पॅडिना, कोशिंबिरीच्या पानासारखे हिरवे उल्वा, द्राक्षाच्या घडासारखे कॉलर्पा, तांबूस ग्रॅसिलारिया ही त्याची शेजारी मंडळी. दिसायला झाडे, पण शास्त्राच्या हिशेबात खरी झाडे नव्हेत. त्यांना मूळ नाही, फूल नाही, बी नाही. खडकाला धरून राहण्यापुरती पकड आहे आणि अन्न ती सर्वांगाने शोषून घेतात. समुद्रात खरी फुलझाडे आहेत ती समुद्रगवताच्या रूपाने. तमिळनाडूजवळ मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत त्यांची कुरणे आहेत आणि समुद्रगाय त्यांवर चरते. माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला ही माहिती फार उशिरा मिळाली. शाळेच्या भूगोलात समुद्र म्हणजे निळा रंग भरायची जागा होती. उन्हाळ्यात घरी ज्या ‘चायना ग्रास’ची थंडगार वडी केली जाते, ते तांबड्या शैवालापासून काढलेले असते आणि आइस्क्रीमला घट्टपणा देणारे अल्जिनेट तपकिरी शैवालापासून, हे आपल्या किती गृहिणींना ठाऊक असेल? समुद्र मिरजगावच्या स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसला आहे.

आता मासे. प्रवाळातील रंगीत मासे हे दिवाणखान्यातील काचेच्या पेटीतल्या माशांसारखे शोभेचे रहिवासी नव्हेत. प्रत्येकाला काम नेमून दिल्यासारखे आहे. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो, त्यावरचे शैवाल खातो आणि पोटात गेलेला चुना वाळू म्हणून बाहेर टाकतो. उष्ण कटिबंधातील कित्येक बेटांचे पांढरेशुभ्र किनारे या कारखान्यातून तयार झाले आहेत. लहानसा ‘सफाईकामगार’ मासा मोठ्या माशांच्या तोंडात शिरून त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतो आणि शिकारी मासाही त्याला गिळत नाही. विदूषक मासा समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या भुजांमध्ये निर्धास्त राहतो. त्यांच्या कुटुंबातली मादी मेली की नरच मादी होतो. २००३ च्या ‘निमो’च्या चित्रपटात निमोची आई मरते आणि बाप त्याला शोधत फिरतो. खऱ्या समुद्रात तो बाप एव्हाना आई झाला असता, पण मुलांच्या चित्रपटात एवढे शास्त्र कोण घालणार!

गंमत बाजूला ठेवू. यात मर्माची गोष्ट अशी की शैवाल, मासा आणि प्रवाळ हे एकमेकांना धरून आहेत. शैवाल खाणारे मासे कमी झाले की शैवाल माजते आणि प्रवाळ झाकोळतो. प्रवाळ मेला की लपायच्या कपारी जातात. त्या कपारी केवळ रंगीत माशांच्या नसतात. बाजारात चढ्या भावाने विकली जाणारी तांबोशी आणि गोबरा हे मासेही खडकांच्या आधाराने वाढतात. मालवणच्या मच्छीमाराचा उद्याचा डोलारा त्या खडकांवर उभा आहे.

आणि ते खडक साधे नाहीत. शिवछत्रपतींनी नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, तेव्हा ती जागा निवडण्यामागे एक मोठे कारण हे पाण्याखालचे खडकच होते. अनोळखी जहाजाला किल्ल्याजवळ येणे अवघड. कोणत्या भरतीला कोणत्या दोन खडकांमधून होडी काढायची, हे ठाऊक होते ते स्थानिक कोळ्यांना. जागा हेरून देणाऱ्या कोळ्यांना महाराजांनी गावे इनाम दिल्याचे परंपरा सांगते. आज प्रवाळ आहे तो याच खडकांवर. किल्ल्याची तटबंदी पाहून आपली छाती फुगते. त्या तटाच्या बाहेर, पाण्याखाली जी नैसर्गिक तटबंदी आहे, तिच्यावर मात्र आपण नांगर टाकतो.

ही गोष्ट शासनाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातील सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या परिसरातील सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. कागदावर निर्णय निर्दोष होता. पण ज्यांच्या होड्या रोज त्या पाण्यातून ये-जा करतात, त्यांना विश्वासात घेतले गेले नाही. ‘अभयारण्य’ म्हणजे आपली मासेमारी बंद, एवढाच अर्थ किनाऱ्यावर पोहोचला. विरोध सुरू झाला तो चार दशके होत आली तरी पुरता शमलेला नाही. अभयारण्य असूनही नाही, अशी त्याची अवस्था झाली.

मालवणची ही कहाणी वाचताना कर्जत तालुक्यातल्या माणसाला आपलीच आठवण येते. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक पक्ष्याचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात नेवासे, श्रीगोंदे आणि आमचा कर्जत हे तालुके आले. नकाशावर एक रेघ ओढली आणि तिच्या आत गावे, बाजारपेठा, पिढीजात शेते सगळेच सापडले. जमिनीच्या व्यवहाराला अडथळे, बांधकामाला अडथळे. ज्याने आयुष्यात माळढोक पाहिला नव्हता, तो शेतकरी त्या पक्ष्याला शिव्या देऊ लागला. आणि माळढोक वाचला का? माळ नांगरले गेले, उसाखाली गेले, वर विजेच्या तारा आल्या. माळरान म्हणजे पडीक जमीन असे समजून त्यावर झाडे लावण्याचे ‘वनीकरण’ही झाले, जे उघड्या माळावर राहणाऱ्या या पक्ष्याला मुळीच नको होते. पुढे अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर लोकांचा विश्वास गेला होता आणि पक्षीही. आज संपूर्ण देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले असल्याचे सांगितले जाते. महाराष्ट्रात एखादा दिसला तर त्याची बातमी होते.

आमच्याच तालुक्यात याला उलट असे उदाहरणही आहे. १९८० चे रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. लहान, सीमा स्पष्ट, सर्वांना ठाऊक. तिथे काळवीट वाढले. कळप रात्री पिकात शिरतात म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. परंतु काळवीट आहे, हे तरी खरे. मोठ्या रेघेपेक्षा लहान, राखलेली जागा बरी, हा धडा आम्हाला घरबसल्या मिळाला.

वन्यजीव कायद्यात १९९१ साली जी दुरुस्ती झाली, तिने प्रादेशिक समुद्रात अभयारण्य घोषित करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचे रक्षण करण्याची तजवीज केली. मालवणची अधिसूचना त्याआधीची. म्हणजे कायदा पुढे शहाणा झाला, मालवणच्या वाट्याला मात्र जुनेच शहाणपण आले. या बाबतीत आपल्या इतिहासातील राज्यकर्ते अधिक सावध होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड लागले तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे बजावले आहे. आरमारासारख्या राज्याच्या जिवाभावाच्या कामातही रयतेची संमती लागत होती. मग माशांच्या रक्षणासाठी मच्छीमाराची संमती घेण्यात सरकारचा कोणता मोठेपणा कमी होणार होता?

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्याचे कारण नाही. मच्छीमारच प्रवाळावर जाळी टाकतात, तुटलेली जाळी तिथेच सोडतात, नांगर तेच टाकतात. मग त्यांनाच राखणदार कसे नेमायचे? हा आक्षेप निराधार नाही. खडकात अडकून राहिलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे मासे मारत राहते आणि प्रवाळाला गुदमरवते. पण सगळा मच्छीमार एका मापाने मोजणे चूक आहे. मालवणच्या किनाऱ्यावरची रापण पाहावी. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून सोडलेले लांबलचक जाळे दोन्ही बाजूंनी माणसे किनाऱ्यावर ओढतात आणि ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. ही पद्धत वाळूच्या तळावर चालते, खडकावर चालत नाही. जाळे फाटेल म्हणून रापणकर खडकापासून दूरच राहतो. याच्या उलट यांत्रिक पर्ससीन नौका माशांचा अख्खा थवा घेरून उचलते. पारंपरिक मच्छीमारांनी तिच्याविरुद्ध केलेली आंदोलने वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना आठवत असतील. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर कालावधी, क्षेत्र आणि परवाने यांची बंधने घातली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला. या साऱ्याची मागणी वातानुकूलित परिसंवादांतून नव्हे, किनाऱ्यावरून आली होती. समुद्र रिकामा होत असल्याचे पहिल्यांदा ओरडून सांगितले ते मच्छीमारानेच.

पावसाळ्यात दर्या खवळलेला असताना आणि कित्येक मासे अंड्यांवर असताना होडी शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात लोटायची, ही शिस्त त्याच्या घरात पूर्वापार होती. १ जून ते ३१ जुलै ही सरकारी बंदी नंतर आली. सकाळी भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा संस्कार आपल्या घरांतही आहे आणि त्या श्लोकात समुद्र हे भूमीचे वस्त्र म्हटले आहे. ज्याला मालवणच्या पाण्यात पाय टाकायचा आहे, त्याने तो श्लोक निदान होडीत तरी आठवावा.

लोकांच्या हाती दिले की काम होते, याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ च्या सुमारास सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी जिथे कासवाची अंडी उकरून नेली जात, तिथे गावकरी घरटी राखू लागले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले, त्यांच्या जेवणाखाण्याचे पैसे गावात राहिले. दुसरे उदाहरण शासनाचे आहे आणि त्याबद्दल शासनाचे अभिनंदन करायला हवे. डिसेंबर २०१८ पासून कासव किंवा देवमासा यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला कमाल २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मच्छीमाराला आरोपी न मानता भागीदार मानले आणि त्याने जाळी कापून दाखवली.

परदेशातले उदाहरणच हवे असेल तर फिलिपाइन्समधील आपो बेटाचे आहे. १९८२ च्या सुमारास सिलिमन विद्यापीठाचे डॉ. अँजेल अल्काला यांच्या पुढाकाराने तिथल्या मच्छीमारांनी आपल्याच बेटाजवळचा प्रवाळाचा एक लहानसा तुकडा मासेमारीसाठी बंद केला. राखण त्यांचीच. काही वर्षांत आतल्या भागात मासे वाढले आणि ते बाहेर येऊ लागले, तेव्हा बाहेर जाळे टाकणाऱ्यांनाही त्याचा लाभ झाला. पुढे फिलिपाइन्सच्या शेकडो गावांनी हा मार्ग धरला. तो तुकडा किती मोठा आणि कुठे, हे गावाने ठरवले होते, ही त्यातली कळीची बाब.

आता आपल्या, म्हणजे घाटावरच्या पाहुण्यांच्या वर्तनाकडे वळू. मच्छीमाराला चार उपदेश करणे सोपे असते. २०२० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांना हौशी पाणबुड्यांमुळे होणाऱ्या इजेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात दोष दाखवला गेला तो बेहिशेबी, जबाबदारी कोणाचीच नाही अशा पद्धतीने चाललेल्या व्यवसायावर. पाच मिनिटांच्या ओळखीनंतर पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्याखाली नेले की तो तोल सांभाळण्यासाठी हाताला लागेल ते पकडणारच, आणि हाताला लागतो तो प्रवाळ. मासे छायाचित्रात यावेत म्हणून त्यांना पाव-बिस्किटे चारली जातात. पोपटमाशाने शैवाल खायचे सोडून पाव खाल्ला तर शैवाल कोण खाणार? शिवाय हा नुसता माशांच्या जिवाचा प्रश्न नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. बेशिस्तीला प्रवाळ आणि माणूस यांत फरक कळत नाही.

आणि तो ‘आठवण’ म्हणून आणलेला पांढरा तुकडा! तो अनेक घरांच्या काचेच्या कपाटात शंख-शिंपल्यांशेजारी दिसतो. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, रेहेकुरीच्या काळविटाला जे संरक्षण, तेच या दगडासारख्या दिसणाऱ्या जीवाला. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजीअली येथील प्रवाळ २०२० मध्ये रीतसर परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या हातून दुसरीकडे हलवावे लागले ते याच कायद्यामुळे. महानगराच्या हजारो कोटींच्या प्रकल्पाला जो नियम पाळावा लागला, तो सहलीच्या बसला लागू नाही असे थोडेच आहे?

‘समुद्रच तापतो आहे, मग मालवणमध्ये नांगर टाकला काय आणि न टाकला काय’, असा एक शहाणा युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. समुद्र तापतो आहे हे सत्य आहे. मालवणच्या प्रवाळांत २०१४ आणि २०१५ या वर्षांत विरंजनाच्या नोंदी झाल्या. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळांना त्याचा जबर तडाखा बसला. परंतु तापलेल्या रोग्याला कोणी जखमाही करत नाही. जो प्रवाळ मोडलेला नाही, गाळाने आणि जाळ्यांनी गुदमरलेला नाही, ज्याच्यावरचे शैवाल खाणारे मासे जागेवर आहेत, त्याची सावरण्याची शक्यता अधिक. मालवणचा प्रवाळ तर पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातही तग धरत आलेला, काटक आहे. त्याला संधी देणे आपल्या हाती आहे. समुद्राचे तापमान आपल्या हाती नाही, नांगर आहे.

म्हणून काय व्हावे? गाभा क्षेत्राची सीमा मालवणच्या मच्छीमार सोसायट्या आणि रापण संघ यांना बसवून, त्यांच्या सांगण्यावरून नव्याने आखावी. वेळ पडल्यास ते क्षेत्र लहान करावे, पण ते खरे असावे. बोयांनी दाखवलेले, प्रत्येक नाखव्याला ठाऊक. प्रवाळ असलेल्या जागी होड्या बांधण्यासाठी कायमचे तरंगते बोये असावेत, म्हणजे नांगर टाकण्याची गरजच उरणार नाही. एका दिवसात किती माणसे पाण्याखाली न्यायची याला मर्यादा हवी. पर्यटकाकडून घेतलेल्या शुल्काचा ठरलेला भाग गावाच्या आणि राखणदारांच्या हाती पडायला हवा. तो जिल्ह्याच्या तिजोरीत जाऊन पुन्हा योजना होऊन परत येण्याची वाट पाहू नये. शैवालशेतीला सध्या प्रोत्साहन दिले जात आहे. ती स्थानिक जातींची व्हावी. मन्नारच्या आखातात परदेशी कॅपाफायकस शैवाल लागवडीतून सुटून कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळावर पसरल्याचा अनुभव ताजा आहे.

मालवणच्या पलीकडे, विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. सुमारे ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद, माथ्यावर वीस-पंचवीस मीटर पाणी आणि भोवती शेकडो मीटरची खोली. त्यावर प्रवाळाची आणि माशांची अशी समृद्धी आहे की डिसेंबर २०१९ मधील मोहिमेत गेलेले शास्त्रज्ञ भारावून परतले. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. हे नाव इंग्रजांच्या नकाशातून आले आहे. ज्याला ते चाचा म्हणत, त्याचेच नाव त्यांनी समुद्राच्या तळाला दिले! मात्र हे पठार १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर असल्याने वन्यजीव कायद्याखाली तिथे अभयारण्य करता येत नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्राने ते संरक्षित घोषित करण्याचा मार्ग आहे. महाराष्ट्राच्या खासदारांनी पक्षभेद विसरून लावून धरावे असे हे काम आहे. त्यासाठी कोणाची जमीन घ्यायची नाही की कोणाचे घर पाडायचे नाही.

तोवर सिंधुदुर्गात आणखी एक प्रयोग हाती घेतला गेला आहे. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे देण्यात आली. निवतीच्या खडकांजवळ तिला समुद्रतळाशी नेऊन तिथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची, असा हा प्रकल्प आहे. अशा बुडालेल्या जहाजावर आधी शैवाल धरते, मग शिंपले, मग लहान मासे, त्यांच्यामागून मोठे आणि सर्वांत शेवटी, नशीब असेल तर, प्रवाळ. हौशी पाणबुड्यांची गर्दी तिकडे वळली तर किल्ल्याभोवतीच्या जुन्या खडकांवरचा भारही हलका होईल. पण निवतीच्या मच्छीमारांच्या होड्या त्याच पाण्यातून जातात. तिथले बोये कोण सांभाळणार, दिवसाला किती माणसे उतरणार, शुल्कातला कोणता वाटा निवती गावाला मिळणार आणि जहाजाभोवती जाळे कुठवर टाकता येणार, हे चार प्रश्न गावच्या ग्रामसभेत मांडून, तिथल्या मच्छीमारांच्या सह्यांनिशी ठरवावेत. एकदा पर्यटकांच्या रांगा लागल्या की ते विचारायला कोणाला सवड राहणार नाही.